उशिरा मारलेली बुडी : कॅनडातील फ्रेंच इमर्शन आणि आपला वयाचा हट्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका पालकसभेत मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. धाकट्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, पाचवीनंतर मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घालावे की नाही, हा घरातला प्रश्न होता आणि बहिणीने मला सोबत नेले होते. पाहुणे वक्ते म्हणाले, “कॅनडात सिद्ध झाले आहे. मुलाला दुसऱ्या भाषेत जितके लवकर बुडवाल, तितके ते तरबेज होते. पाचवीपर्यंत थांबलात तर गाडी सुटली म्हणून समजा.” सभागृहातल्या माना हलल्या. बहिणीचीही हलली. पुढच्या जूनमध्ये भाचा इंग्रजी शाळेत गेला आणि जवळजवळ वर्षभर वर्गात तोंड उघडेनासा झाला.

मी भाषावैज्ञानिक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि पोटापाण्यासाठी हिशेब तपासतो. पण ‘कॅनडात सिद्ध झाले आहे’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एखाद्या रकमेपुढे पावती नसली की मी जे करतो तेच केले. पावती शोधायला लागलो. या शोधात काही वर्षे गेली. त्या वक्त्यांनी सांगितलेले कॅनडात सिद्ध झालेले नाही, आणि जे काही बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे त्यातले फार थोडे आपल्यापर्यंत पोचले आहे, असा माझा निष्कर्ष आहे. तो कसा निघाला ते क्रमाने मांडतो.

१

गोष्ट सुरू होते माँट्रियलसमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडच्या सेंट लँबर्ट या उपनगरात. क्यूबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण पैसा आणि मोठ्या कंपन्यांतली पदे बरीचशी इंग्रजी भाषकांच्या हाती होती. १९६० नंतर हे चित्र पालटू लागले. ‘शांत क्रांती’ म्हणून ओळखला जाणारा तो काळ. आता फ्रेंचवाचून चालणार नाही, हे इंग्रजी भाषक पालकांच्या ध्यानात आले. शाळेत फ्रेंच होते, पण ते आपल्याकडच्या जुन्या शाळांतल्या इंग्रजीसारखे. वर्षानुवर्षे व्याकरण घोकायचे आणि दुकानात गेल्यावर पाव मागता येत नाही, अशी गत.

ऑल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या तीन आयांनी पुढाकार घेतला. शिक्षण मंडळ राजी नव्हते. या पालकांनी मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि विख्यात मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडे धाव घेतली. १९६५ साली बालवर्गापासून सर्व शिक्षण फ्रेंचमधून देणारा पहिला वर्ग सुरू झाला. लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांचा पाठपुरावा करून १९७२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांचे इंग्रजी मागे पडले नाही, गणितही बिघडले नाही आणि फ्रेंच नेहमीच्या शाळेतल्या मुलांच्या कितीतरी पुढे गेले, असा त्याचा सारांश सांगता येईल.

पेनफील्ड यांचे नाव इथे महत्त्वाचे आहे. नऊ-दहा वर्षांनंतर मेंदूची लवचीकता भाषेपुरती कमी होत जाते, हे त्यांचे मत तेव्हा वजनदार होते. १९६७ मध्ये एरिक लेनेबर्ग यांनी भाषेच्या जैविक पायावरच्या ग्रंथात वयाच्या मर्यादेचा सिद्धान्त मांडला. ‘लवकर म्हणजेच बरे’ या समजुतीला अशी शास्त्राची झूल मिळाली. मात्र सेंट लँबर्टच्या प्रयोगात लवकर आणि उशिरा अशी तुलनाच नव्हती. बालवर्गापासून शिकणारी मुले आणि नेहमीच्या शाळेतली मुले यांची तुलना होती. म्हणजे इमर्शन उपयोगी पडते हे त्यातून दिसले. ते लवकरच व्हायला हवे, हे दिसले नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यावरची जमा दुसऱ्या खात्यावर दाखवली गेली.

२

खरी तुलना पुढे झाली, आणि ती ‘लेट इमर्शन’मुळे शक्य झाली. माँट्रियल परिसरात १९६९ पासूनच माध्यमिक पातळीवर असे वर्ग सुरू झाले होते. मूल सहावी-सातवीपर्यंत इंग्रजीतून शिकते. फ्रेंच हा रोजचा एक तास असतो. मग अकरा-बारा-तेराव्या वर्षी ते एकदम बुडी मारते. दिवसाचा बहुतांश भाग, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, सगळे फ्रेंचमधून. एक-दोन वर्षांनंतर प्रमाण कमी होते आणि काही विषय फ्रेंचमधून चालू राहतात. आज ब्रिटिश कोलंबियात असा प्रवेश सहावीत मिळतो. इतरत्र सहावी किंवा सातवी हे नेहमीचे टप्पे आहेत.

मॅकगिलचेच फ्रेड जेनेसी यांनी १९८१ मध्ये बालवर्गापासून शिकलेली आणि सातवी-आठवीत दोन वर्षे बुडी मारलेली मुले शेजारी ठेवून पाहिली. फ्रेंचमध्ये घालवलेल्या तासांत लवकर सुरू करणारी मुले दुपटीहून अधिक पुढे होती. पण चाचण्यांत दोन्ही गट बहुतेक ठिकाणी बरोबरीने निघाले. निष्कर्ष कळला तेव्हा मी ते पान पुन्हा उलटून पाहिले. पेनफील्डच्या मेंदूला हे मान्य व्हायला नको होते.

जेनेसींचा निष्कर्ष एकाकी नव्हता. कॅथरीन स्नो आणि मारियन हूफनागल-होले यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिथे डच शिकण्यात सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती बारा ते पंधरा वयाची मुले. तीन ते पाच वर्षांची सर्वांत मागे होती. ‘लहान मूल स्पंजासारखे भाषा शोषून घेते’ हे वाक्य मी तेव्हापासून वापरणे सोडले आहे.

कारण अगदी गूढ नाही. तेरा वर्षांच्या मुलाला अपूर्णांक म्हणजे काय हे ठाऊक असते. त्यासाठीचा फ्रेंच शब्द तेवढा त्याला शिकायचा असतो. सहा वर्षांच्या मुलाला शब्दही शिकायचा असतो आणि अपूर्णांकही. मोठ्या मुलाला वाचता येते, शब्दकोश उघडता येतो, नियम सांगितला तर तो लागू करता येतो. शिवाय ते बहुधा स्वतःच्या मर्जीने आलेले असते. मातृभाषेतल्या शिक्षणात गेलेली आठ वर्षे वाया गेलेली नसतात. तीच त्याची शिदोरी असते.

३

इथे थांबलो असतो तर ‘उशिरा म्हणजेच बरे’ अशी उलटी पताका घेऊन मीही पालकसभा गाजवल्या असत्या. तसे करणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

पहिली गोष्ट, पुढच्या अभ्यासांत चित्र गुंतागुंतीचे झाले. माइल्स टर्नबुल, शॅरन लॅपकिन, डग हार्ट आणि मेरिल स्वेन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार शालेय शिक्षण संपताना वाचन-लेखनात दोन्ही गटांत फारसा फरक उरत नाही, पण बोलण्यात लवकर सुरू करणारी मुले पुढे राहतात. म्हणजे जे डोळ्यांनी आणि डोक्याने शिकायचे ते उशिरा येणारे भरून काढतात. जिभेचे आणि बोलण्यातल्या धीटपणाचे तसे होत नाही. ही बाजू लहान नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. लेट इमर्शनला कोण येते? अभ्यासात बरे असलेले, नवीन भाषेची धास्ती न वाटणारे, घरून पाठिंबा असलेले मूल. गावातल्या आखाड्यात आपणहून उतरलेल्या पोरांची गावातल्या सगळ्या पोरांशी तुलना करून ‘आखाड्याने छाती रुंदावते’ असे म्हणण्यासारखे ते होईल. छाती रुंद होती म्हणून ती पोरे आखाड्यात उतरली, ही शक्यता राहतेच. जेनेसींसकट चांगल्या संशोधकांना याची जाणीव आहे. पण त्यांचे निष्कर्ष घेऊन फिरणाऱ्यांना नसते, आणि माझी तक्रार या दुसऱ्या लोकांविषयी आहे.

तिसरी गोष्ट तासांची. ऑन्टारियो प्रांताच्या अभ्यासक्रमात आठवी संपेपर्यंत साध्या फ्रेंच विषयाला ६०० तास, विस्तारित फ्रेंचला किमान १२६० आणि इमर्शनला किमान ३८०० तास ठरवलेले आहेत. हे आकडे मला वयापेक्षा बोलके वाटतात. रोज अर्धा-पाऊण तास पहिलीपासून दिला काय नि पाचवीपासून दिला काय, घोटाघोटाने पाणी प्यायला दिल्यासारखे ते. पोहायला येत नाही. लेट इमर्शनचे यश वयात जितके आहे तितकेच ते तास एकवटण्यात आहे. आपल्याकडे २००० साली इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आणले, तेव्हा वयाची चर्चा भरपूर झाली. शिक्षकाला स्वतःला ती भाषा किती येते आणि तास किती, ही चर्चा तिच्या मानाने कमी झाली.

४

या संशोधनातला मला सर्वांत भावलेला भाग यशाचा नाही, तो अपुरेपणाचा आहे. इमर्शनमधली मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकतात, समजतात, विज्ञानाचा धडा समजून घेतात. पण बोलायला लागली की लिंग चुकते, क्रियापद चुकते. टोरंटोच्या मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावर बोट ठेवले. नुसते कानावर पडून भागत नाही. मुलाला बोलावे लागते, अडावे लागते आणि अडल्यावर वाक्य नव्याने जुळवावे लागते. वर्गात बोलतात ते गुरुजी. मुले ‘हो’, ‘नाही’, ‘सात’ एवढ्यावर सुटतात. आपल्या वर्गांची आठवण यावी असेच हे वर्णन आहे.

रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मध्ये माँट्रियलच्या प्राथमिक इमर्शन वर्गांत प्रत्यक्ष काय चालते ते टिपले. मूल म्हणते, ‘ल ताब्ल’. टेबल हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. बाई हसून म्हणतात, ‘हो, ला ताब्ल’, आणि धडा पुढे जातो. चूक दाखवली असे बाईंना वाटते. आपले उत्तर बाईंना पटले असे मुलाला वाटते. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के अशा गुपचूप दुरुस्त्या होत्या आणि त्यांतल्या जेमतेम ३१ टक्के दुरुस्त्यांना मुलांनी काही प्रतिसाद दिला. याउलट ‘ल की ला?’ असे विचारून मुलालाच थांबवले, तर ते स्वतः चूक दुरुस्त करण्याची शक्यता वाढते.

आणि ‘तू-तुम्ही’चा प्रश्न. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘वू’ म्हणजे तुम्ही. हे ‘वू’ अनेकवचनीही आहे आणि आदरार्थीही. इमर्शनची मुले परक्या वडीलधाऱ्या माणसालाही ‘त्यू’ म्हणून मोकळी होतात. वर्गातला व्यवहार पाहिला की कारण कळते. बाई एका मुलाला ‘त्यू’ म्हणतात, सगळ्या वर्गाला ‘वू’ म्हणतात. एकट्या माणसाला आदराने ‘वू’ म्हटलेले कानावर पडायची वेळ वर्गात येतच नाही. शाळेबाहेर फ्रेंच बोलणारे शेजारी नाहीत, आजी-आजोबा नाहीत, वाण्याचे दुकान नाही. लिस्टर यांनी आठवीच्या इमर्शन वर्गांत काही आठवडे हाच विषय मुद्दाम शिकवून पाहिला, १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. मुलांत सुधारणा झाली. तेराव्या वर्षीही.

मराठी वाचकाला यात वेगळे काही सांगायला नको. परदेशात वाढलेले आपल्याच घरचे मूल पाहुण्या आजोबांना ‘तू जेवलास का?’ विचारते तेव्हा आपण हसतो. मुलाचे व्याकरण अचूक असते. त्याला गाव मिळालेला नसतो. शाळा भाषा देऊ शकते, गाव देऊ शकत नाही. इमर्शनच्या सगळ्या साहित्यात ही कबुली आहे, पण तळटीपेसारखी. ती मथळ्यात असायला हवी होती.

५

संशोधन राज्यकर्त्यांच्या हाती पडले की काय होते, याचा धडा न्यू ब्रन्सविकने दिला. कॅनडातला हा एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत. सुमारे एक तृतीयांश लोकांची मातृभाषा फ्रेंच. २००८ च्या आरंभी जेम्स क्रॉल आणि पॅट्रिशिया ली यांचा अहवाल आला आणि शिक्षणमंत्री केली लॅम्रॉक यांनी पहिलीपासूनचे इमर्शन बंद करण्याचे जाहीर केले. पाचवीत सर्वांना काही महिने सघन फ्रेंच आणि सहावीपासून हवे त्याला लेट इमर्शन, अशी योजना. पालक रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. जूनमध्ये न्यायालयाने मंत्र्यांचा निर्णय रद्द ठरवला. ऑगस्टमध्ये मंत्र्यांनी तिसरीपासून असा मधला मार्ग काढला. २०१७ मध्ये पुढच्या सरकारने पुन्हा पहिलीपासून प्रवेश सुरू केला. आणखी एका सरकारने इमर्शनच मोडीत काढून सर्वांना एकसारखा कार्यक्रम देण्याचा बेत आखला आणि २०२३ मध्ये विरोधापुढे तो मागे घेतला.

बाहेरून पाहता हा वाद वयाचा होता : पहिली, तिसरी की सहावी. आत शिरले की तो वर्गाचा होता, सामाजिक अर्थाच्या वर्गाचा. न्यू ब्रन्सविक विद्यापीठातील डग्लस विल्म्स यांनी तेव्हा युक्तिवाद केला की पहिलीपासूनच्या इमर्शनमध्ये सुखवस्तू घरची मुले जातात आणि अडचणी असलेली मुले उरलेल्या इंग्रजी वर्गांत गोळा होतात. हे खरे दुखणे होते. पण त्यावर ‘सहावीपासून सुरू करा’ हे औषध कसे? सहावीत चाळणी आणखी बारीक होते, कारण तोवर कोण हुशार आणि कोण ढ हे शिक्के बसलेले असतात. पहिलीत पालक निवड करतात, सहावीत गुणपत्रिका. चाळणी दोन्हीकडे आहे. वयाच्या प्रश्नामागे न्यायाचा प्रश्न लपवला गेला, असे मी हे प्रकरण वाचतो.

६

आता पुन्हा आमच्या पालकसभेकडे येतो.

वॉलेस लँबर्ट यांनीच एक भेद करून ठेवला आहे. मूळ भाषेत भर घालणारे द्विभाषिकत्व आणि मूळ भाषा वजा करणारे द्विभाषिकत्व. सेंट लँबर्टच्या मुलांचे इंग्रजी कुठेही जाणार नव्हते. घरात, रस्त्यावर, दूरचित्रवाणीवर, पुढच्या नोकरीत तेच होते. वर्गातल्या सगळ्यांनाच फ्रेंच सारखेच येत नव्हते, त्यामुळे न येण्याची लाज नव्हती. बाईंना मुलांचे इंग्रजी समजत होते. बालवर्गात मूल इंग्रजीत काही म्हणाले तर त्या फ्रेंचमध्ये उत्तर देत, पण मुलाला गप्प करत नसत. आणि आईवडिलांनी हे स्वतः मागितले होते.

माझ्या भाच्याच्या बाबतीत यातले काहीच नव्हते. वर्गातल्या इतरांना इंग्रजी येत होते, त्याला नव्हते. मराठीत बोलले तर ओरडा बसे. त्याची भाषा या शाळेत कमी प्रतीची ठरत होती. तिकडचे तज्ज्ञ याला इमर्शन म्हणत नाहीत, सबमर्शन म्हणतात. आपल्या शब्दांत, एक पोहायला शिकवण्यासाठी पाण्यात उतरवणे आणि दुसरे विसर्जन. दोन्हीत मूल पाण्यात जाते, एवढ्यावरून ‘कॅनडात सिद्ध झाले आहे’ म्हणणे म्हणजे पहिल्याचा दाखला दुसऱ्याला जोडणे आहे.

उलट कॅनडातूनच आलेला एक दाखला पालकसभांत कधी ऐकू येत नाही. स्वेन, लॅपकिन, नॉर्मन रोवेन आणि हार्ट यांनी १९९० मध्ये टोरंटोतल्या आठवीच्या मुलांचा अभ्यास मांडला. त्यांतली बरीच मुले स्थलांतरित घरांतली होती. घरी तिसरीच भाषा, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. ज्यांना घरची भाषा नुसती बोलता नव्हे तर लिहिता-वाचता येत होती, त्यांचे फ्रेंच अधिक चांगले निघाले. ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या माझ्या चुलतभावाच्या मुलीने सहावीत लेट इमर्शन घेतले, तेव्हा त्याने मला विचारले होते, “आता हिचे मराठी बंद करू का? डोक्यावर भार होईल.” मी त्याला हा अभ्यास पाठवला. त्याच्या आईने, माझ्या काकूने, नातीला रोज संध्याकाळी एक पान मराठी वाचायला लावणे चालू ठेवले. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर इतके बोलल्यावर मला कळते. पण ती तीन भाषांत काकूशी वाद घालते, एवढे नोंदवून ठेवतो.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, बदलला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. तेव्हाही माझ्या कानावर आलेल्या गप्पांत ‘लहानपणी सगळे पटकन येते’ हे वाक्य पुनःपुन्हा येत होते. मी फक्त एवढेच म्हणेन की कॅनडाच्या अर्धशतकाहून अधिक काळच्या अनुभवातून ते वाक्य निघत नाही. निघते ते असे : पहिल्या भाषेतले लिहिणे-वाचणे पक्के असेल, तास पुरेसे असतील, शिक्षकाला भाषा येत असेल आणि मुलाचा मान राखला जात असेल, तर तेरावे वर्ष उशिराचे नाही. यांतले काहीच नसेल तर पाचवे वर्षही लवकरचे नाही.

भाचा आता अकरावीत आहे. त्याचे इंग्रजी सुधारले. ते सुधारले नववीत, गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे. ते त्याला आधी धडा मराठीत समजावून द्यायला सांगत आणि मग तोच इंग्रजीत. त्या गुरुजींनी स्वेनही वाचलेली नाही आणि जेनेसीही. बहीण मला म्हणाली, “दादा, तू हे सगळे तेव्हाच सांगितले असतेस तर?” तेव्हा मला ठाऊक नव्हते, आणि हे लिहायला बसलो त्याचे कारण तेच आहे. पुढच्या पालकसभेत कुणीतरी पुन्हा ते वाक्य म्हणेल. मागच्या बाकावरून एखाद्याने उठून पावती मागावी, एवढीच अपेक्षा.